वजन उतरविणारी औषधे आणि अंगातील बळ

(नरखेड येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



वजन उतरविणारी इंजेक्शने हा आज घरोघरी चर्चेचा विषय झाला आहे. २०२५ साली तिर्झेपटाइड व वजनासाठीचे सेमाग्लुटाइड आपल्या देशात विक्रीस आले. जेवणानंतर आतड्यांतून पाझरणाऱ्या संप्रेरकांची ही नक्कल होय. तिच्या योगाने भूक मंदावते व वजन खरोखरच उतरते. परंतु उतरले ते काय, हे काटा सांगत नाही.

सेमाग्लुटाइडच्या २०२१ सालच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के घटले. त्यांपैकी १४० जणांच्या शरीराची मोजणी झाली, तेव्हा घटलेल्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग मेदाचा नव्हता असे दिसले. तिर्झेपटाइडमध्ये हाच भाग सुमारे चौथा हिस्सा होता. हा सर्व भाग स्नायूंचाच असतो असे नव्हे. त्यात पाणी व इतर अवयवही येतात. औषध स्नायू खाते, ही बाजारगप्प आहे. अन्न तोडले की उपवासानेही हेच घडते. स्थूल मनुष्याचे ओझे उतरले म्हणजे चालणे-उठणे उलट सोपेच होते.

मग आम्हांस चिंता का वाटते? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या अंगी मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२! आपल्याकडील पुष्कळांची काठी अशीच. स्नायूंची पुंजी मुळात तुटपुंजी, त्यातून खर्च करावयाचा. संत्र्याच्या तोड्याला शिडी चढणाऱ्यास तो खर्च लवकर जाणवेल. साठी उलटलेल्या आजीस तर खाटेवरून उठतानाच.

अमेरिकेत २०१७ साली स्थूल वृद्धांवर, औषधाविना, एक प्रयोग झाला. आहार तोडून केवळ चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचा मेदेतर भाग ५ टक्के घटला. वजने उचलणाऱ्यांचा २ टक्केच. तेव्हा इंजेक्शन घेणाऱ्याने आठवड्यातून दोन-तीनदा जोराचा व्यायाम करावा. साठ किलोच्या मनुष्यास रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. भूक मेली की पानातील वरण, उसळ, दही, अंडे मागे राहते आणि चहा-बिस्किटे तेवढी चालू राहतात, हे आम्ही पाहतो.

औषध सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे २०२२ साली दिसून आले. परत येणाऱ्या त्या वजनात गेलेला स्नायू तितकाच असेल, याची हमी नाही. म्हणून पहिल्या सुईपूर्वीच, हात न टेकता खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते ते मोजून वहीत लिहावे, आणि दर महिन्यास ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.