सावल्यांची सेना

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने फ्रान्स जिंकला, तेव्हा फ्रान्सचे उघड सैन्य हरले होते. परंतु गुप्त पत्रके, चोरटे निरोप आणि खोटी नावे यांच्या बळावर तेथे दुसरे एक सैन्य उभे राहिले. जोसेफ केसेल यांनी 1943 साली त्यावर पुस्तक लिहिले आणि 1969 साली झाँ-पिएर मेल्विल यांनी त्यावरून चित्रपट काढला. ‘सावल्यांची सेना’ असा त्याच्या नावाचा अर्थ.

या चित्रपटात विजयाचे नगारे वाजत नाहीत. एका तरुणाने सहकाऱ्यांचा घात केलेला असतो. त्याला देहदंड द्यावयाचा असतो. परंतु शेजारच्या घरात माणसे राहतात, गोळीचा आवाज होता कामा नये. मग त्याच्या गळ्यास टॉवेलचा फास पडतो, आणि फास आवळणाऱ्यांचीही ती पहिलीच वेळ असते. माथिल्द ही सर्वांत धीराची बाई. तिच्या घरच्यांना तिच्या कार्याचा पत्ताही नसतो. नियम मोडून ती मुलीचे एक छायाचित्र जवळ बाळगते. तेच शत्रूच्या हाती लागते, आणि ज्यांच्यासाठी तिने प्राण पणाला लावले, त्यांनाच भर रस्त्यात तिच्यावर गोळी झाडावी लागते. भूमिगतास मरणाआधी आपले नाव, घर आणि माया यांचा त्याग करावा लागतो, हे येथे कळते.

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतील मराठी माणसास ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ 15 ऑगस्ट 1955 रोजी गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगिजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. तो लढा उघड्यावरचा होता. त्याच वर्षी गोव्यात सावलीतला लढाही चालू होता.

सांगलीचे मनोहर आपटे मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि ‘आझाद गोमंतक दला’त मोहन रानडे झाले. ऑक्टोबर 1955 मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. 26 वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना पोर्तुगालमधील तुरुंगात नेण्यात आले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. रानडे मात्र बंदिवानच राहिले. ज्या भूमीसाठी ते झगडले, तिच्यावर तिरंगा फडकत होता, आणि ते दूर देशी कोठडीत दिवस मोजीत होते. 1968 साली मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्यापाशी त्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकला. क्रुसाच्या छायेत राज्य करणाऱ्या सत्तेच्या बंदिवानासाठी अखेर त्या क्रुसाच्याच दारी दाद मागितली गेली. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. मेल्विल यांचा चित्रपट पडद्यावर आला तेही हेच वर्ष.

मेल्विल यांचे मूळ आडनाव ग्रुम्बाख. स्वतः प्रतिकारलढ्यात असताना त्यांनी मेल्विल हे नाव घेतले आणि पुढे तेच ठेवले. मनोहर आपटे हेही 2019 साली निधन होईपर्यंत मोहन रानडेच राहिले. स्वातंत्र्यानंतर टोपणनावाची गरज उरत नाही. तरीही ते टाकवत नाही. कारण जे सोबती परत आले नाहीत, त्यांनी हाक मारली असेल ती त्याच नावाने.