आंतरराष्ट्रीय संशोधन भागीदारी : करार, क्षमता आणि अनुभव

(जयपूर येथे विद्यापीठीय शिक्षक व संशोधक विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



विद्यापीठांमधील आंतरराष्ट्रीय संशोधन भागीदारी हा आजच्या चर्चेचा विषय आहे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. त्यामुळे कोणत्याही भागीदारीकडे पाहताना कोण काय घालतो, कोणाला काय मिळते आणि भागीदारी संपल्यावर कोणाकडे काय उरते, हे तीन प्रश्न माझ्या मनात आधी येतात. सामंजस्य करारांची संख्या हे आज विद्यापीठाच्या प्रगतीचे एक परिमाण मानले जाते. परंतु करार हे साधन आहे, साध्य नव्हे. करारामुळे संशोधनक्षमता निर्माण होते की ती आधीपासून असेल तरच करार फलदायी ठरतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. याच शहराने असे दोन प्रयोग पाहिले आहेत. एक अठराव्या शतकातला आहे आणि दुसरा आपल्या काळातला.

पहिला प्रयोग : सवाई जयसिंहांचे शिष्टमंडळ

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूर वसवले. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी या पाच ठिकाणी त्यांनी वेधशाळा उभारल्या. त्यांपैकी जयपूरच्या जंतरमंतरचा २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथील बृहत् सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्यावर दोन सेकंदांपर्यंतचा काळ मोजण्याची सोय आहे.

ही यंत्रे आपण पाहतो, परंतु त्यांच्यामागची ज्ञानव्यवस्था सहसा आपल्या लक्षात येत नाही. जयसिंहांच्या आश्रयाला असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात. त्यांनी अरबी भाषा आत्मसात केली आणि टॉलेमी व युक्लिड यांचे ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणले. 'सम्राट सिद्धांत' आणि 'रेखागणित' हे ते ग्रंथ होत. युरोपातील ज्योतिषशास्त्र पुढे गेले आहे हे कळताच जयसिंहांनी १७२७ च्या सुमारास फादर मॅन्युअल द फिगेरेदो या जेझुइट धर्मगुरूंच्या नेतृत्वाखाली पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठवले. ते १७३० मध्ये गोव्यामार्गे परतले. त्यांच्याबरोबर फ्रेंच ज्योतिर्विद ला हायर यांची ग्रहगणिताची कोष्टके आली.

यानंतर जे घडले ते माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. जयसिंहांनी ती कोष्टके परदेशी म्हणून शिरोधार्य मानली नाहीत आणि परकी म्हणून टाकूनही दिली नाहीत. त्यांनी ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली. चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची चूक असल्याचे त्यांना आढळले. 'झीज-इ-मुहम्मदशाही' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तशी नोंद आहे. आयात केलेल्या ज्ञानाची परीक्षा येथे घेता आली, कारण परीक्षेचे साधन येथे होते.

मात्र या प्रयोगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. युरोपीयांची यंत्रे आकाराने लहान असल्यामुळे ही चूक झाली, असा निष्कर्ष जयसिंहांनी काढला. वस्तुतः तिचे मूळ बऱ्याच अंशी चंद्रगतीच्या तत्कालीन सिद्धांतात होते. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणावरील ग्रंथ १६८७ मध्येच प्रसिद्ध झाला होता. पॅरिस व ग्रिनिच येथील वेधशाळाही सतराव्या शतकातच सुरू झाल्या होत्या. परंतु शिष्टमंडळ लिस्बनला गेले, कारण संबंध पोर्तुगीजांशी होते. भागीदाराची निवड प्रश्नाच्या गरजेनुसार न होता ओळखीनुसार झाली. पुढे १७३४ मध्ये चंद्रनगरहून फ्रेंच जेझुइट जयपूरला आले, १७४० मध्ये जर्मन जेझुइटही आले. परंतु १७४३ मध्ये जयसिंहांचे निधन झाले आणि हे कार्य त्याच जोमाने चालवणारी संस्था मागे उरली नाही. यंत्रे राहिली, वेध थांबले.

दुसरा प्रयोग : राजस्थान विद्यापीठ आणि सर्न

दुसरे उदाहरण याच शहरातील राजस्थान विद्यापीठाचे आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेले हे राज्य विद्यापीठ आहे. विशेष निधी लाभलेली ही राष्ट्रीय संस्था नव्हे. तरीही जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेतील अणुकेंद्रकांच्या टकरींच्या प्रयोगांत १९९० च्या दशकापासून त्याने सहभाग घेतला.

हे कसे घडले? कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर, भुवनेश्वरची भौतिकी संस्था आणि चंदीगड, जम्मू व जयपूर येथील विद्यापीठे यांनी मिळून एक गट तयार केला. टकरीतून बाहेर पडणाऱ्या फोटॉनांची संख्या मोजणारे एक डिटेक्टर बनवण्याची जबाबदारी या गटाने स्वीकारली. त्याची रचना थोडक्यात सांगतो. शिशाच्या जाड पत्र्यातून जाताना फोटॉनपासून कणांचा वर्षाव निर्माण होतो आणि पत्र्यामागील अनेक कप्प्यांत त्याची नोंद होते. इतर बहुतेक कण मात्र एखाद्याच कप्प्यात खूण ठेवून जातात. या फरकावरून फोटॉन ओळखता येतात.

सर्नच्या डब्ल्यूए-९३ या प्रयोगात अशा कप्प्यांची संख्या काही हजार होती. त्यानंतरच्या डब्ल्यूए-९८ मध्ये ती पन्नास हजारांवर गेली. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या स्टार प्रयोगासाठी वायूने भरलेल्या, मधमाशीच्या पोळ्यासारख्या कप्प्यांचे नवे तंत्र वापरण्यात आले, तेव्हा ती सुमारे ८३ हजार झाली. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरील अ‍ॅलिस प्रयोगात ती दोन लाखांपलीकडे पोहोचली. प्रत्येक टप्प्यावर मागच्या टप्प्याचा अनुभव भांडवल म्हणून उपयोगी पडला. अर्थशास्त्रात याला 'करता करता शिकणे' म्हणतात.

अ‍ॅलिसमध्ये सुमारे चाळीस देशांतील संस्था आहेत. त्या प्रयोगाच्या शोधनिबंधांवर सर्व सहभागींची नावे वर्णानुक्रमे छापली जातात. जयपूरच्या संशोधकाचे नाव जिनिव्हाच्या संशोधकाच्या आधी येते की नंतर, हे केवळ आडनावाच्या आद्याक्षरावर ठरते. हा समान दर्जा कोणी कृपा म्हणून दिलेला नाही. प्रयोगाचा एक निश्चित भाग आपण उभा केला, म्हणून तो मिळाला. अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी या कामाला दीर्घकाळ निधी दिला, हेही येथे नमूद केले पाहिजे. २००२ मध्ये भारताला सर्नमध्ये निरीक्षकाचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०१७ मध्ये भारत सहयोगी सदस्य झाला. त्या दर्जामागे अशा अनेक गटांचे दोन-अडीच दशकांचे श्रम आहेत.

महाराष्ट्रातील अनुभवही हेच सांगतो. पुणे जिल्ह्यातील खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. जगभरातील खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मिळावा म्हणून प्रस्ताव पाठवतात. पुढे स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातील भारताच्या सहभागासाठी केंद्र सरकारने १२५० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. त्या प्रकल्पात भारत अनुभवी भागीदार म्हणून जात आहे, कारण ही दुर्बीण येथे आधीच होती.

एक वैयक्तिक अनुभव

आता माझ्या चुकीविषयी. सुमारे वीस वर्षांपूर्वी ग्रामीण कुटुंबांच्या पाणीवापराच्या अभ्यासासाठी एका परदेशी विद्यापीठाशी आमच्या विभागाचा करार झाला. करारावर आमच्या बाजूने सही माझी होती. प्रश्नावली तिकडे तयार झाली. आमचे विद्यार्थी मराठवाड्यात उन्हाळाभर गावोगाव फिरले. मुलाखती मराठीत झाल्या, नोंदी इंग्रजीत भरल्या गेल्या आणि सर्व माहिती तिकडच्या संगणकावर जमा झाली. दोन वर्षांनी एका विद्यार्थिनीला आपल्या प्रबंधासाठी तीच माहिती हवी होती. आम्ही विचारणा केली, तेव्हा करारातील एका कलमाकडे आमचे लक्ष वेधण्यात आले. मुख्य निबंध प्रसिद्ध होईपर्यंत माहितीचा स्वतंत्र वापर करता येणार नव्हता. कलम स्पष्ट होते, मी ते नीट वाचले नव्हते. त्या विद्यार्थिनीला प्रबंधाचा विषय बदलावा लागला. प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या ऋणनिर्देशात 'स्थानिक सर्वेक्षकांचे' आभार मानलेले होते.

परदेशी सहकाऱ्यांनी आम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही. प्रश्न त्यांचा होता, पद्धत त्यांची होती आणि पैसाही त्यांचा होता. आम्ही श्रम पुरवले आणि श्रमाचा मोबदला मिळाला. त्याला आम्ही भागीदारी म्हणत होतो, एवढीच आमची चूक होती.

धोरणात्मक चौकट

सुदैवाने आज धोरणात्मक चौकट पूर्वीपेक्षा व्यापक आहे. भारत-फ्रान्स संशोधन केंद्र १९८७ पासून दोन्ही देशांच्या संयुक्त प्रकल्पांना निधी देत आले आहे. २०१५ मध्ये 'ज्ञान' आणि २०१८ मध्ये ४१८ कोटी रुपयांची 'स्पार्क' योजना सुरू झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आंतरराष्ट्रीयीकरणावर भर देण्यात आला. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने संयुक्त व दुहेरी पदव्यांसंबंधीचे विनियम जाहीर केले. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. जैविक साधनसंपत्तीच्या बाबतीत जैविक विविधता कायदा, २००२ मधील कलम ३ नुसार परदेशी व्यक्ती व संस्थांना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता आवश्यक असते. कलम ५ मात्र केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार होणाऱ्या सहयोगी संशोधन प्रकल्पांना यातून सूट देते. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी या दोन कलमांमधील फरक लक्षात ठेवावा.

तथापि, पाया अद्याप अरुंद आहे. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात उच्च शिक्षण संस्थांचा वाटा सुमारे ८.८ टक्के होता. 'स्पार्क'सारख्या योजनेची पात्रता राष्ट्रीय मानांकनातील पहिल्या शंभर संस्थांशी जोडण्यात आली. निधी जेथे फलदायी ठरण्याची शक्यता अधिक तेथे तो द्यावा, हा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. परंतु त्यामुळे बहुसंख्य राज्य विद्यापीठे दाराबाहेर राहतात, आणि देशातील विद्यार्थ्यांचा फार मोठा वर्ग त्यांच्यात व त्यांच्या संलग्न महाविद्यालयांतच शिकतो.

पुढील मार्ग

या अनुभवांवरून चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, राज्य विद्यापीठांनी एकेकटे न जाता गटाने जावे. जयपूर, जम्मू व चंदीगड यांनी राष्ट्रीय संस्थांच्या साथीने जे केले, ते कृषी, जलव्यवस्थापन व सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांतही करता येईल. दुसरी, भागीदार निवडताना प्रश्न आधी आणि ओळख नंतर असावी. तिसरी, करारावर सही करण्यापूर्वी माहितीची मालकी, लेखकांचा क्रम, विद्यार्थ्यांचे हक्क आणि यंत्रसामग्रीचे भवितव्य ही कलमे शिक्षकाने स्वतः वाचावीत. चौथी सूचना राज्य सरकारांना उद्देशून आहे. अध्यापकांची रिक्त पदे भरली गेली नाहीत, तर एक प्राध्यापक निवृत्त होताच वीस वर्षांचा संशोधनगट विखुरतो. १७४३ नंतर जे झाले, तेच पुन्हा होते.

भागीदारी म्हणजे ज्ञानाची आयात नव्हे. बाहेरून आलेले ज्ञान पारखण्याची आणि त्यात भर घालण्याची क्षमता आपल्याकडे असेल, तरच देवाणघेवाण समान पातळीवर होते. सभागृहातून बाहेर पडल्यावर आपल्यापैकी काही जण जंतरमंतर पाहायला जातील. तेथे बृहत् सम्राट यंत्राची सावली किती अचूक पडते हे जरूर पाहा. त्याचबरोबर त्या सावलीची रोजची नोंद ठेवणारे हात केव्हा आणि का थांबले, याचाही विचार करा. आपल्या विद्यापीठांत ते हात पुन्हा थांबू नयेत, ही जबाबदारी आपली सर्वांची आहे.