गावचे शिवार आणि गावची माणसे



आज पिकावर किंवा किडीवर बोलायचे नाही. आज तुमच्या गावावरच बोलायचे आहे. गावाची जमीन किती, ती कशी पडली आहे आणि तिच्यावर माणसे किती, एवढाच विषय. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? आम्ही तर इथेच जन्मलो. खरे आहे. पण मी बैठकांतून विचारून पाहिले आहे. आपल्या मौजाचे एकूण क्षेत्र किती, असे विचारले की एक जण आठशे एकर सांगतो, दुसरा दीड हजार सांगतो. माणसे किती, असे विचारले तर मतदारांचा आकडा पुढे येतो. आता मतदार म्हणजे अठरा वर्षांवरचे. लेकरे त्यात कुठे आली? ग्रामपंचायतीच्या जागा या आकड्यांवर ठरतात, योजनांचा पैसाही बऱ्याच अंशी यांवरच ठरतो, आणि ते आकडे गावालाच ठाऊक नाहीत.

युरोपात स्वित्झर्लंड म्हणून एक डोंगराळ देश आहे. आपल्या यवतमाळसारखे तीन जिल्हे जोडले की तेवढा होतो, फार मोठा नाही. तिथे विमानातून फोटो घेऊन देशाची सगळी जमीन चार खात्यांत वाटून मांडतात : शेती आणि कुरणे, जंगल, घरे व रस्ते, आणि चौथे नापीक, म्हणजे खडक, बर्फ, नदीपात्र. साऱ्या देशाचा हिशेब धरला तर शंभरातले सुमारे ३५ हिस्से शेती-कुरण, ३२ जंगल, ८ घरे-रस्ते आणि २५ नापीक, असा बसतो. तीन-चारशे वस्तीच्या खेड्याचासुद्धा असा तक्ता असतो. चौथा हिस्सा नापीक आहे हे ते लपवीत नाहीत, कागदावर सरळ मांडतात, आणि उरलेल्यात काय करायचे ते ठरवतात.

आपल्याकडे असा तक्ता नाही असे समजू नका. तो तलाठी दप्तरात आहे. तलाठ्याच्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलले, दप्तर तेच. गाव नमुना १ मध्ये सर्व जमिनीची नोंद असते. १-अ मध्ये वनजमीन, १-ब मध्ये सरकारी जमीन. नमुना ११ मध्ये कोणते पीक किती क्षेत्रावर, याचा गोषवारा. नमुना १४ मध्ये विहिरी, तलाव अशी पाण्याची साधने. आपण सातबारा आणि आठ-अ एवढेच काढतो, तेही कर्जाच्या वेळी. सातबाऱ्यात तुमचे वावर दिसते, गाव दिसत नाही.

आता जिल्ह्याच्या जमिनीकडे वळू. यवतमाळचा मधला भाग पठाराचा, डोंगरटेकड्यांचा. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा. पूस, अरुणावती, अडाण यांचे पाणी पैनगंगेकडे जाते, बेंबळेचे वर्धेकडे. पुढे पैनगंगा वर्धेलाच मिळते. तुमच्या धुऱ्यावरून वाहणारा नाला यांपैकी कोणत्या नदीला जातो, हे घरातल्या पोरांना एकदा विचारून पहा.

बहुतेक जिल्हा काळ्या पाषाणाचा. वणी, मारेगाव, झरी या पूर्वेकडच्या बाजूला मात्र कोळसा आणि चुनखडीचा खडक आहे. नदीकाठाला खोल भारी जमीन, टेकडीच्या उताराला बरड. एकाच गावात दोन्ही प्रकार असतात, आणि तेथेच खरी गोम आहे. खोल काळ्या जमिनीत पावसाचा ओलावा दिवाळीनंतरही टिकतो, हरभरा निघतो. बरडावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. सप्टेंबरअखेर पाऊस उघडला की पराटी ऐन बोंड भरायच्या वेळी माना टाकते. सातबाऱ्यावर पाच एकर दोघांचेही, पण भारीचे पाच आणि बरडाचे पाच एक नव्हेत. बरडवाल्याच्या घरातली माणसे खरीप निघाल्यावर गाव का सोडतात, याचे निम्मे उत्तर या मातीत आहे.

उरलेले निम्मे पाण्यात आहे. एक हिशेब मांडू. समजा गावाचे शिवार ५०० हेक्टर आहे, म्हणजे साडेबाराशे एकरांच्या आसपास. त्यात ३८० हेक्टर वहितीची, ६० हेक्टर जंगल, ४० हेक्टर ई-क्लास म्हणजे गुरांची जमीन, आणि २० हेक्टर गावठाण, पांदण, नाले मिळून. वस्ती १,५४० धरा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटर धरला तर या शिवारावर ४५० कोटी लिटर पाणी पडते. आणि माणसांना प्यायला-वापरायला? दर माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला तीन कोटी लिटरच्या थोडे वर. शंभरातला एक हिस्साही नाही! तरी मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. कारण काळा पाषाण पाणी फार साठवून ठेवत नाही. पाणी राहते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. बाकीचे उतारावरून नाल्यात, नाल्यातून नदीत, आणि सोबत आपली मातीही.

अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. तिथे पाऊस सुमारे ४०० मिलिमीटर, आपल्या निम्माही नाही. १९९० नंतर त्या गावाने डोंगरउतारावर चर खोदले, बांध घातले, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि रब्बीत काय पेरायचे ते त्यावरून ठरवतात. पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे तिथे परत आली. आमचा बरड आणि त्यांचा डोंगर सारखा नाही, हे मला मान्य आहे. पण त्यांनी आधी मोजले, मग ठरवले. आपण ठरवून मोकळे होतो.

आता माणसांकडे येऊ. १९६१ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची वस्ती सुमारे ११ लाख होती. २०११ मध्ये ती २७ लाख ७२ हजार झाली. जिल्ह्याची जमीन तेवढीच, सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर. म्हणजे जंगल, नद्या, डोंगर सगळे धरून दर माणशी १९६१ साली तीन एकर येत होते, २०११ साली सव्वा एकरही नाही. साऱ्या महाराष्ट्राचे पाहिले तर एका खातेदाराकडे १९७०-७१ साली सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ साली १.३४ हेक्टर उरली. भावाभावांत धुरे पडत गेले. आपल्या वरच्या हिशेबातल्या गावात तर वहितीची जमीन दर माणशी पाऊण एकरही बसत नाही.

गुरांचेही तसेच. ४० हेक्टर ई-क्लास कागदावर आहे. प्रत्यक्षात किती मोकळी आहे, ते आखरावर उभे राहून गुराख्याला विचारा. त्याच्याइतके खरे कोणी सांगणार नाही.

गावांची नावेही या हिशेबात धरावी. आपल्या जिल्ह्यात नावापुढे इजारा लागलेली गावे आहेत; इंग्रजी अमदानीत पडीत आणि जंगलाची जमीन वसवायला इजाऱ्याने दिली, त्याची ती खूण. रीठ म्हटले की तिथे कधी वस्ती होती, आता फक्त शिवार उरले आणि पेरणारे शेजारच्या गावात राहतात. कोलामांचे पोड आणि बंजारा बांधवांचे तांडे तर सगळीकडे आहेत. वसंतराव नाईकांचे जन्मगाव गहुली हे पुसद तालुक्यातलेच. पण सरकारी जनगणनेचे छापील आकडे मौजावार निघतात. पोड किंवा तांडा दुसऱ्या मौजात मोडत असेल तर त्याची माणसे त्या मौजाच्या बेरजेत जातात, वेगळी दिसत नाहीत. हजार वस्तीच्या मौजात दोनशे पोडावरची असतील, आणि हातपंप मात्र गावठाणात बसेल. ग्रामसभेत पोडाचा आकडा निराळा सांगितला नाही तर तो कोणालाच दिसत नाही.

आता आजच्या बोलण्यातली महत्त्वाची गोष्ट. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची कोविडमुळे लांबली. जून २०२५ मध्ये सरकारची अधिसूचना निघाली, त्याप्रमाणे १ मार्च २०२७ हा मोजणीचा दिनांक ठरला आहे. आधी घरयादी, मग माणसांची मोजणी, आणि ती मोजणी फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आपल्या गावात कोण असते? पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस या भागातून टोळ्याच्या टोळ्या कोयत्यावर गेलेल्या असतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. कोणी पुण्या-मुंबईकडे बांधकामावर. घरी म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे.

जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या साऱ्या दिवसांत जो घरी नव्हता, तो जिथे असेल तिथे मोजला जातो. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी असे दिवस होते. त्यांतले काही दिवस जरी तो आपल्या घरी राहून गेला, तर तो घरचा म्हणून मोजला जातो. आता आपल्या १,५४० वस्तीच्या गावातून साठ माणसे कोयत्यावर असली तर गाव १,४८० चे होईल. ग्रामपंचायतीत ६०० ते १,५०० वस्तीला सात सदस्य आणि १,५०१ ते ३,००० ला नऊ. म्हणजे साठ माणसे उसाच्या फडात असल्यामुळे गावाच्या दोन जागा जाऊ शकतात. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही वस्तीच्या प्रमाणातच असतात, आणि बाहेर जाणाऱ्यांत या घरांची माणसे पुष्कळ असतात.

म्हणून खोटा आकडा लिहवा, असे मी सांगणार नाही. एक माणूस दोन ठिकाणी मोजला जाऊ नये, आणि तशी नोंद करणे चूकही आहे. पण कुठेच मोजला जात नाही, हे त्याहून वाईट. फडात झोपडी टाकून राहणारी टोळी मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटू शकते. मुकादमाबरोबर निघण्यापूर्वी टोळीतल्या एकाला तरी हे समजावून द्या : मोजणारा आला नाही तर तिथल्या ग्रामपंचायतीत जाऊन सांगायचे की आमची मोजणी राहिली. मूळ गाव कोणते, असे विचारले तर गाव, तालुका, जिल्हा नीट सांगायचा. नुसते "यवतमाळकडचे" म्हणून भागत नाही. घरी राहिलेल्या आजीबाईने मोजणाऱ्याला काय सांगायचे, तेही आधी बोलून ठेवा. सून कधी गेली, लेकरे किती, कोण इथे आणि कोण तिथे. तान्ह्या लेकराचे नाव राहून जाते, बरं का. नाव ठेवले नसले तरी माणूस मोजायचाच.

गावाने आपली वेगळी वही करावी. ती सरकारी जनगणना नव्हे, गावाच्या कामाची. घरवार माणसे, बाहेर गेलेली किती, कोणत्या महिन्यात जातात आणि कधी परततात, सोबत लेकरे नेतात की ठेवतात. पोडाचे आणि तांड्याचे पान वेगळे. दुसऱ्या बाजूला शिवार : भारी किती, बरड किती, ई-क्लास किती, विहिरी किती आणि त्यांतल्या एप्रिलमध्ये पाणी असलेल्या किती. शाळेतली आठवी-नववीची पोरे आठवड्यात हे काम करतील, आणि त्यांना आनंदही वाटेल. दरवर्षी ग्रामपंचायत विकास आराखडा करते तेव्हा ही वही ग्रामसभेत टेबलावर असू द्या. नाल्याचे काम कोणत्या उतारावर घ्यायचे, हे बरडवाल्यांची घरे कुठली आणि बाहेर जाणारी घरे कुठली, ही दोन पाने शेजारी ठेवली की ठरवायला सोपे जाते.

गाव नमुन्यांच्या नकला मागायला लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. कोयत्यावरच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणून वहीतले माणसांचे पान दसऱ्यापूर्वी पूर्ण व्हायला हवे. शिवाराचे पान कपाशी वेचणीच्या उसंतीत केले तरी चालेल.