डोंगरी मुलुखातील उद्योग व आपला ज्ञातिनिधी



डोंगराळ मुलुखात भांडवल येत नाही, असे आम्ही नेहमी ऐकतो. परंतु पाचगणीस १९५९ साली किशोर वोरा यांनी ‘मॅप्रो’चा फळप्रक्रिया उद्योग आरंभिला. स्ट्रॉबेरीसारखे फळ दूरच्या बाजारी पोचेपर्यंत नासते. त्याचा जाम, सरबत जागच्या जागी करणेच किफायतीचे. म्हणूनच कारखाना डोंगरावर टिकला. आपल्या मोरगावाशेजारी पुरंदरच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या अंजीर-सीताफळांस हाच न्याय लागू पडतो. तात्पर्य, भांडवल आर्जवाने येत नाही. स्थानिक मालास जोड देणाऱ्या कल्पकतेमागून येते. आपला ज्ञातिनिधी शिक्षणार्थ गाव सोडणाऱ्यांस शिष्यवृत्ती देतो. शिकून परतणाऱ्यास उद्योगासाठी कर्जही द्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे.