काम उशिरा आहे, पण अडलंय कोण?

मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी दोनतीनदा सांगणार आहे. काम रखडलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, 'किती दिवस उशीर?' दुसरा, 'कोणामुळे?' या कामावाचून पुढे कोण खोळंबलंय, हे मात्र कुणी विचारत नाही.

सणाची पंगत आठवा. कोशिंबीर तासभर उशिरा झाली तरी पानं मांडेपर्यंत होऊन जाते. चण्याची डाळ उशिरा चढली, तर पुरण थांबतं, पुरणावाचून पोळी थांबते आणि माणसं ताटकळतात. मग पोळपाटापाशी आणखी दोघी जावा बसवून काय होणार? डाळ तिच्या वेळेनंच शिजणार. कामाच्या तक्त्यावर मात्र कोशिंबीर आणि डाळ दोन्ही सारखीच लाल दिसतात, आणि जादा माणसं मिळतात ती जो मोठ्यानं ओरडेल त्याला.

कोकण रेल्वेचंच बघा. 1990 साली महामंडळ झालं, धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे. नव्वदाहून जास्त बोगदे. त्यातला सर्वांत लांब रत्नागिरीजवळचा करबुड्याचा, साडेसहा किलोमीटरचा. धास्ती वाटावी ती त्याची. पण सह्याद्रीच्या कातळात यंत्रं चालली. दमवलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यानं. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण माती मऊ, पाण्यानं भिजलेली. खणावं आणि वरून ढासळावं. तिथे यंत्रांचा जोर चालेना. तिथे माणसंही दगावली, हे विसरू नये. 1997 मध्ये उत्तरेकडून गाडी या बोगद्याच्या अलीकडे, सावंतवाडीपर्यंत येऊन थांबत होती. सबंध मार्ग खुला झाला 26 जानेवारी 1998 ला. गोव्यातल्या मार्गाच्या वादात गेलेला वेळ हा वेगळा विषय, त्यात आज शिरत नाही. सांगायचं ते इतकंच, की सगळ्यांत मोठं काम हेच सगळ्यांना अडवणारं काम असेल असं नाही. पुन्हा सांगतो, उशिराचे दिवस मोजण्याआधी खोळंबलेली माणसं मोजा.

आता जोखीम, म्हणजे उद्या खोळंबा करू शकेल ती गोष्ट. आपल्या कागदांवर लिहिलेलं असतं, 'पावसाची शक्यता, लक्ष ठेवावे.' अहो, कोण ठेवणार लक्ष? किती पाऊस पडला की काय करायचं? हा उपाय नव्हे, ही नुसती काळजी झाली. वैभववाडीजवळ 2003 मध्ये आणि करंजाडीला 2004 मध्ये दरडींमुळे गाड्यांचे भीषण अपघात झाले. आज कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकच वेगळं असतं. गाड्या मुद्दाम हळू चालतात, म्हणजे उशीर आधीच हिशेबात धरलेला. गस्तीची माणसं नेमलेली. आणि मुसळधार पावसात पुढचं नीट दिसेनासं झालं, की वेग ताशी 40 किलोमीटर. काय झालं की काय करायचं, हे चालकाला आधीच माहीत असतं. आडरानात फोन लावून साहेबांना विचारत बसायचं नाही.

तरीही 2024 च्या जुलैत त्याच पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि गाड्या थांबल्या. बोगदा बांधून झाला म्हणून त्याची जोखीम संपली नव्हती. कागदावरची जोखीम खोडण्याची आपल्याला फार घाई असते.

आणि उपाय नुसता असून भागत नाही. पंगतीत जादा सिलिंडर आणून ठेवलेला असतो, पण तो जोडता येणारा एकटा माणूस केळीची पानं आणायला गेलेला असतो! तसं करू नका. प्रत्येक उपायापुढे माणसाचं नाव लिहा आणि काय झालं की तो उपाय सुरू करायचा तेही लिहा. तो माणूस रजेवर असेल तर दुसरं नाव लिहा.

समोरून खूण झाली, वेळ होत आलाय. जोखमीसाठी राखून ठेवलेल्या पैशांबद्दल बोलायचं होतं. तो पैसा साहेबांच्या सहीत अडकला की उपाय कागदावर तयार असूनही साइटवर पंप येत नाही, आणि ही सही नेमकी कोणाकडे असावी हे... ते पुढच्या खेपेला. तोवर उद्याच्या बैठकीत तेवढं विचारा, कोण खोळंबलंय?