डासाचा डाग आणि निळा दिवा

  त्वचारोगतज्ज्ञांच्या या परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या विषयातील प्रगतीचा आढावा घ्यावा अशी प्रथा असून, एलईडी प्रकाशोपचार आणि निरनिराळ्या त्वचांच्या बाबतीत त्याची सुरक्षितता असा विषय कार्यकारिणीला कळवलेला होता. तो आढावा कितपत पुरा होईल याविषयीची शंका मात्र आरंभीच नोंदवून ठेवलेली बरी.

प्रकाशाने त्वचा बरी करण्याची कल्पना जुनी आहे. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांना १९६० च्या दशकात मंद लेसरखाली ठेवलेल्या उंदरांच्या कातडीवर केस लवकर उगवताना दिसले. लेसरचा प्रकाश एका रेषेत एकवटलेला असतो, तर एलईडी हा अर्धवाहकाचा छोटा दिवा प्रकाश पसरून देतो, आणि म्हणूनच त्याचे शेकडो ठिपके एका पट्टीवर किंवा मुखवट्यावर बसवून संपूर्ण चेहरा एकाच वेळी प्रकाशात आणता येतो. व्यवहारात तीन तरंगलांब्या विशेष वापरल्या जातात. ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश मुरुमांतील जंतूंच्या पॉर्फिरिन या रंगद्रव्याला चेतवून त्या जंतूंचाच नाश करवतो. ६३३ च्या आसपासचा लाल आणि ८३० च्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशींतील ऊर्जानिर्मितीला चालना देऊन सूज कमी करतो, असे मानले जाते. या तिन्हींत अतिनील किरण नसतात, त्यामुळे भाजणे नाही, कर्करोगाची ती भीती नाही, आणि म्हणून यंत्राच्या खोक्यावर ‘सर्व प्रकारच्या त्वचेसाठी सुरक्षित’ असे बिनदिक्कत छापता येते. आढावा येथेच थांबवावा लागत आहे, कारण प्रस्तुत वक्त्याची जी तक्रार कित्येक वर्षे तुंबून राहिली आहे ती या चार शब्दांविषयीच आहे.

सर्व प्रकार म्हणजे कोणते, असे विक्रेत्याला विचारले असता तो सहा खान्यांचा तक्ता पुढे करतो. हा तक्ता हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडला, आणि तो त्वचेचे वर्णन करण्यासाठी मांडलेलाच नव्हता. सोरायसिसच्या रुग्णांना सोरॅलेन हे औषध देऊन अतिनील किरणांखाली उभे करण्याचा उपचार तेव्हा नवा होता, केस आणि डोळे यांच्या रंगावरून ठरवलेली मात्रा काहींना भाजत होती, आणि म्हणून रुग्णालाच विचारण्याची युक्ती काढली गेली की, उन्हात गेल्यावर तुमची त्वचा भाजून लाल होते की रापते. पहिले चार प्रकार गोऱ्या माणसांचे होते. तपकिरी आणि काळी त्वचा पाचव्या व सहाव्या क्रमांकाने मागाहून जोडली गेली. एका विशिष्ट किरणाची मात्रा ठरवण्यासाठी केलेला हा प्रश्न पुढे लेसर, रासायनिक लेप, सौंदर्यप्रसाधने आणि आता एलईडी अशा सर्वांच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा करण्यात आला.

त्यातून घडलेला घोटाळा साधा आहे. अतिनील किरणांच्या बाबतीत वरचा क्रमांक म्हणजे अधिक मेलॅनिन, अर्थात त्वचेचे काळे रंगद्रव्य, आणि अधिक मेलॅनिन म्हणजे अधिक संरक्षण. पाचव्या पायरीवरचा माणूस दुसऱ्या पायरीवरच्यापेक्षा निर्धास्त. दृश्य प्रकाशाच्या बाबतीत हीच शिडी उलटी लागते. डेट्रॉइटच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, दृश्य प्रकाशाने गडद त्वचेवर ठळक आणि टिकाऊ काळेपणा येतो, तर दुसऱ्या प्रकारच्या गोऱ्या त्वचेवर तो येतच नाही. फ्रान्समधील नीसच्या गटाने २०१४ साली आणखी नेमके सांगितले की, हा काळेपणा ४१५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाने येतो, ६३० च्या लाल प्रकाशाने नव्हे. पुढे २०१८ मध्ये त्याच शहरातून त्याचे कारणही कळले: रंगपेशींमध्ये, म्हणजे मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींमध्ये, ऑप्सिन-३ नावाचे प्रथिन निळा प्रकाश ओळखते आणि रंग तयार करण्याचा हुकूम सोडते, शिवाय गडद त्वचेत रंग घडवणारी विकरे एकमेकांना बिलगून राहत असल्यामुळे तो हुकूम लवकर मागे घेतला जात नाही. मुरुमांचे जंतू मारण्यासाठी जी तरंगलांबी निवडली गेली, तीच सावळ्या त्वचेला काळवंडवणारी निघावी, हा निसर्गाचा विनोद म्हणावा तर तो आपल्याच रुग्णांच्या चेहऱ्यावर होत आहे.

२०१३ च्या उन्हाळ्यात प्रस्तुत वक्त्याच्या स्वतःच्या दवाखान्यात बावीस वर्षांची एक मुलगी लग्नाआधी मुरूम घालवण्यासाठी आली होती. तक्त्यातील प्रश्नावर तिने, उन्हात कितीही हिंडले तरी काही होत नाही, असे सांगितले, आणि तिच्या कागदावर पाचवा प्रकार लिहून, म्हणजे पर्यायाने निर्धास्त असा शेरा मारून, आठवड्यातून दोनदा निळा प्रकाश सुरू करण्यात आला. प्रकाशाची मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. दर चौरस सेंटीमीटरला ४० मिलिवॅट तीव्रता आणि २० मिनिटे वेळ, म्हणजे ४८ ज्यूल, हे गणित पुस्तकाबरहुकूम होते. चार आठवड्यांनी मुरूम निम्म्याहून अधिक ओसरले होते. चेहरा मात्र धुरकटल्यासारखा झाला होता, आणि त्यात संरक्षक चष्म्याच्या जागी डोळ्यांभोवती दोन फिकट वाटोळी आणि तेथून कानापर्यंत गेलेली, चष्म्याच्या पट्ट्याइतकी रुंद फिकट रेघ स्पष्ट दिसत होती. मुलीची आई म्हणाली, “पुटकुळ्या गेल्या हो, पण पोरीनं चष्मा काढलाच नाही असं वाटतंय.” तो चष्मा पुरता उतरायला आठ महिने लागले, आणि लग्न त्याआधीच होऊन गेले. डेट्रॉइटचा निबंध तोवर प्रसिद्ध होऊन तीन वर्षे झाली होती आणि तो वाचलेला नव्हता, हा दोष अन्य कोणाचा नव्हे.

तथापि तो वाचला असता तरी कागदावरचा प्रश्न तोच राहिला असता, आणि खरी तक्रार तेथे आहे. इंग्रजीत एका शब्दाने भागणारे हे भाजणे मराठीत आणताच विस्कटते. उन्हात त्वचा भाजते का, असे विचारल्यावर एका वयस्क शेतकऱ्याने, ऊन लागतं, भाजते ती भाकरी, असे उत्तर दिले होते, आणि ते भाषेच्या व शास्त्राच्या दोन्ही दृष्टींनी बरोबर होते. त्याच्याकडे ऊन लागणे, रापणे, काळवंडणे, करपणे असे निरनिराळे शब्द आहेत, प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे, आणि छापील कागदाला त्यांतला एकही ठाऊक नाही. रंग विचारावा तर आणखी पंचाईत, कारण गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा हे शब्द वधूवरसूचनांतून आलेले असून प्रत्येक रुग्ण स्वतःला एक पायरी वर चढवून सांगतो. स्वागतकक्षातील सहायक तर समोर कोणीही असो, गव्हाळ लिहून मोकळे होतात. उजळ कातडीवर बेतलेली मापे आपल्यावर लादली जाण्याची ही एकमेव तऱ्हा नव्हे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर काळ्या रुग्णांमधील ऑक्सिजनची घट गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा चुकवते, असे २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि तेही यंत्र लाल व अवरक्त एलईडीवरच चालते.

या विषयावर परिषदेत दोन वाद वर्षानुवर्षे झडत आले आहेत. पहिला असा की, काळेपणा प्रकाशाने येतो की उष्णतेने. वर सांगितलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर पंख्याची थंड हवा पूर्ण वेळ सोडलेली होती, तरी ती काळवंडली. म्हणून केवळ उष्णतेचा पक्ष टिकत नाही. उलट सोलापूरकडच्या, कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या एका बाईंना वांग होते, म्हणजे गालांवर पसरलेला तपकिरी डाग, आणि त्यांना केवळ लाल प्रकाश दिला असताना दुसऱ्याच खेपेला त्या म्हणाल्या, “डॉक्टर, हे तर चुलीपुढं बसल्यासारखंच लागतंय की.” तक्रारीकडे दुर्लक्ष करून आणखी चार खेपा देण्यात आल्या आणि वांग गडद झाले. ज्यांना या दोन रुग्णांपेक्षा मोठा पुरावा हवा असेल त्यांनी तो जरूर गोळा करावा. प्रस्तुत वक्त्याच्या दृष्टीने वाद मिटलेला आहे, दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत, आणि रुग्ण चुलीचे नाव काढेल तेव्हा यंत्र बंद करावे.

दुसरा वाद घरगुती मुखवट्यांचा. त्यांची तीव्रता कमी असते, म्हणून ते निरुपद्रवी आहेत, असा एक पक्ष आहे. मात्रेच्या गुणाकारात वेळही असतो हे तो विसरतो. पुण्यात संगणकावर रात्रपाळी करणारा एक तरुण दहा मिनिटांनी आपोआप बंद होणारा मुखवटा काम संपेपर्यंत पुन्हा पुन्हा चालू करीत असे आणि कपाळावर नवेच डाग घेऊन आला होता. डोळ्यांचा धोका, ल्युपस, आणि निळ्या प्रकाशाने ज्यात त्वचेची होरपळ होते तो पॉर्फिरिया, तसेच प्रकाशाला हळवे करणारी औषधे, यांविषयी येथे जमलेल्यांना सांगण्याची गरज नाही.

लाल प्रकाशाविषयी मात्र न्यायाने बोलले पाहिजे. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत लाल एलईडीची सहन होणारी कमाल मात्रा गोऱ्या स्वयंसेवकांत दर चौरस सेंटीमीटरला ४८० ज्यूल, तर गडद त्वचेच्या स्वयंसेवकांत ३२० ज्यूल आढळली, आणि नेहमीच्या उपचारातील मात्रा याहून पुष्कळ कमी असते. म्हणजे लाल प्रकाश आपल्याकडे बहुधा सुरक्षितच आहे. एकतृतीयांशाचा फरक मात्र फरकच आहे, आणि खोक्यावरील ‘सर्व’ या शब्दात तो मावत नाही. मुरुमांवर उपचार न करणे हेही सावळ्या त्वचेला परवडणारे नाही, कारण मुरूमही डाग ठेवूनच जातो.

तेव्हा प्रश्न बदलावा, एवढीच मागणी आहे. रुग्णाला उन्हाविषयी किंवा वर्णाविषयी न विचारता असे विचारावे की, डास चावला, खरचटले किंवा पुटकुळी फुटली तर त्या जागी काळा डाग राहतो का, आणि राहिला तर किती दिवस. हा प्रश्न कोणालाही कळतो, त्याचे उत्तर कोणी वाढवून सांगत नाही, आणि बहुतेकांना बाही वर सारून पुरावाही दाखवता येतो. डाग महिनाभर टिकतो असे सांगणाऱ्याला निळा प्रकाश देण्यापूर्वी कानामागे एका लहान जागी देऊन आठवडाभर थांबावे, मग तो पायरीने कितवाही असो. वांगाच्या रुग्णाला नेहमीचे सनस्क्रीन दृश्य प्रकाश अडवत नाही हे सांगून लोहाच्या ऑक्साइडचा रंग मिसळलेले सनस्क्रीन द्यावे. तुळशीवृंदावनाला लावल्या जाणाऱ्या गेरूचा लालपणाही त्याच लोहसंयुगाचा असतो, परंतु एका रुग्णाने ते ऐकून केले तसे, गेरू गालांना लावू नये हेही सांगावे.

हा प्रश्न परिषदेच्या सामायिक रुग्णनोंदीत घालावा, असे पत्र प्रस्तुत वक्त्याने गेली नऊ वर्षे पाठवले, आणि ते दरवर्षी अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांत गेले, जेथे पोहोचेपर्यंत निम्मे सदस्य गाडीच्या वेळेसाठी उठलेले असत. एकदा, तक्ता आंतरराष्ट्रीय आहे आणि डास स्थानिक आहे, असे उत्तर मिळाले होते. यंदा परवानगी मागण्याचे कारण उरलेले नाही. एलईडीच्या दुष्परिणामांची नोंदवही, मराठीतील प्रश्नावली आणि विक्रेत्यांकडून मात्रेचे लेखी आकडे मागवणारी एक समिती ही कामे वर्षभरात व्हावीत. समितीचे निमंत्रक कोण आणि खर्च कोठून, हे जेवणाच्या सुटीत ठरवता येईल. सुधारलेल्या नोंदपत्राच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत; सहा खान्यांचा तक्ता मागच्या बाजूस गेला असून पुढच्या बाजूस डासाचा प्रश्न आणि दिवसांच्या आकड्यासाठी कोरी जागा आहे.