डंपावरची हिरवळ मोजायची कशी?



खाण बंद करतानाच्या कागदपत्रांत एक आकडा ठळक अक्षरांत असतो: रोपे किती लावली. त्यातली जगली किती, हे सहसा आतल्या पानावर सापडते. पण त्या झाडांखाली आपणहून काय उगवले, याची नोंद क्वचितच दिसते. जमीन सावरते आहे की नाही, हे मात्र त्या न झालेल्या नोंदीतूनच कळणार असते.

गोव्याचे उदाहरण घ्या. एक टन लोहखनिज काढायला तिथे अडीच-तीन टन माती-दगड उपसावा लागतो. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत त्याचे डंप उभे राहिले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उघड्या डंपावरचा तांबडा गाळ ओहोळातून थेट भातशेतीत उतरतो. उतार तातडीने धरून ठेवायचा होता, म्हणून ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला गेला. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, निकस मातीतही तो वाढतो, गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत. त्या घडीला हा निर्णय चुकीचा नव्हता.

पण अशा दाट लागवडीत वाकून पाहावे. कोयत्यासारख्या वाकड्या, चामट पानांचा जाड थर पडलेला असतो आणि तो लवकर कुजत नाही. थर बाजूला सारला, तर खाली किंजळ, खैर, करवंद यांची रोपे अभावानेच दिसतात. अशा ठिकाणी विरळणी करून स्थानिक झाडांना जागा द्यावी लागते. ते काम लागवडीइतकेच कष्टाचे आहे, आणि त्याच्यासाठी समारंभ होत नाही.

नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीवर ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. रोपांआधी त्यांनी मातीकडे लक्ष दिले. साखर कारखान्यातला प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) खड्ड्यांत भरला. मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू दिले आणि मग साग, शिसू लावले. ज्या ढिगाऱ्यावर सेंद्रिय अंश जवळपास नव्हता, तिथे झाडे तग धरून वाढली. खाणकाम सुरू होण्यापूर्वी वरचा मातीचा थर वेगळा काढून ताजा असतानाच परत पसरला, तर यातला बराच खटाटोप वाचतो. त्या थरात बियाही असतात आणि बुरशीही. वर्षानुवर्षे ढीग करून ठेवलेल्या मातीत दोन्हींचा जोर ओसरतो.

कोळसा खाणींवर रांचीची सीएमपीडीआय ही खाण-नियोजन संस्था 2008 पासून उपग्रहातून लक्ष ठेवते. वर्षाला कोळसा आणि त्यावरचा माती-दगड मिळून 50 लाख घनमीटरपेक्षा जास्त उपसा करणाऱ्या उघड्या खाणींची पाहणी दरवर्षी होते, लहान खाणींची दर तीन वर्षांनी. ही मोठीच सोय आहे. मात्र नेहमीच्या उपग्रह-चित्रात घाणेरी हिरवी दिसते, सुबाभूळ हिरवी दिसते आणि मिश्र जंगलही हिरवेच. त्यांतला फरक कळायला जमिनीवर मोजणीची चौकट टाकून गुडघे टेकावेच लागतात.

अमेरिकेच्या 1977 च्या खाण कायद्याने जमीन सावरली की नाही हा प्रश्न पैशाशी बांधला. लागवड पुरी झाल्यावरही किमान पाच वर्षे, आणि कमी पावसाच्या प्रदेशात दहा वर्षे, जबाबदारी कंपनीचीच राहते; वनस्पतींचे आच्छादन ठरलेल्या मापाच्या निदान 90 टक्के भरल्याशिवाय कंपनीने ठेवलेल्या हमीची पूर्ण रक्कम सुटत नाही. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये खाणपट्ट्यांवर खाणकाम संपल्यावर पुन्हा गवत रुजवण्याची अट घालण्याचे निर्देश दिले. गुराख्याच्या दृष्टीने ती अट फार मोलाची आहे, कारण अकेशियाच्या रानात चारा मिळत नाही.

म्हणून या परिषदेने एकच ठराव करावा. प्रत्येक डंपावर कायमच्या खुणा केलेल्या चौकटी असाव्यात आणि शेजारच्या न खणलेल्या रानातही तितक्याच. पावसाळा सरताना एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा, दोन्हीकडची आपसूक उगवलेली रोपे जातीनिशी मोजावीत आणि तो तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत, गोव्यात कोंकणीतही, लावावा.